व्हीलॅनवाले काका

कोथरूडमधल्या सोसायटीत एक तरी व्हीलॅनवाले काका असतातच. हिंजवडीहून निवृत्त झालेले, आणि तपकीर गल्लीतल्या दुकानदारालाच "हा मॅनेज्ड आहे, की नुसताच स्विच?" असं दरडावणारे. घरात माणसं दोन, स्विच आठ पोर्टांचा, आणि त्यात एकाच जाळ्याच्या पाडलेल्या वेगवेगळ्या खोल्या, म्हणजेच व्हीलॅन. प्रत्येक वायरीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, तीही वळणदार अक्षरात.

"10 घरचे, 20 पाहुणे, 30 टीव्ही नि कॅमेरे. 1 वापरायचा नाही, तो कंपनीनं आधीच देऊन ठेवलेला असतो." मग 802.1क्यू हे मानक 1998 सालचं, फ्रेमला चार बाइटांचा टॅग लागतो, त्यात क्रमांकाला 12 बिट, म्हणून 4094 व्हीलॅन करता येतात, इथवर गाडी येते. चहा अजून आलेला नसतो.

खरं तर हे तंत्र पुणेकराच्याच सोयीचं. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही आणि आतही घ्यायचं नाही! आजीचं सोवळं याहून वेगळं नव्हतं. फक्त आजी ओरडायची, स्विच मुकाट्यानं फ्रेम टाकून देतो.

पाहुणा 'अतिथी' नावाच्या वायफायला जोडला जातो. चक्र फिरत राहतं, आयपी काही मिळत नाही. काका चष्मा कपाळावर सरकवतात. "अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पोर्टवर 20 टॅग करायचा राहिला." लॅपटॉप उघडतात आणि घाईत स्वतःच्याच पोर्टचा व्हीलॅन बदलून बसतात. आता स्विच त्यांनाही ओळख देत नाही.

"अगं, टाचणी दे जरा. रीसेट करायचाय."

"अहो, आधी माझी मालिका टीव्हीवर का जात नाही ते बघा. परवापर्यंत जात होती."

"तुझा फोन 10 मध्ये, टीव्ही 30 मध्ये. एकाची हाक दुसऱ्याला ऐकू जात नाही."

"मग बसवा की दोघांना एकाच खोलीत!"

एवढं साधं उत्तर काकांना मानवत नाही. ते व्हीलॅनमधली हाक पलीकडे पोचवणारं आणखी एक यंत्र वहीत लिहून घेतात. तपकीर गल्लीची फेरी ठरली.

काकांचं एक मात्र शंभर टक्के बरोबर: स्वस्तातला कॅमेरा आणि बँकेचे व्यवहार करायचा लॅपटॉप एका जाळ्यात ठेवू नये. तेवढ्याला दोन व्हीलॅन पुरतात. त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी मात्र मोबाइलचा डेटा भरून जावं.