पहिल्या दिवशी? छे!

संध्याकाळी इऑन आयटी पार्क सुटतं आणि खराडी बायपासला गर्दी तुंबते. त्या गर्दीत एक तरी हेल्मेटवाला असा असतो, ज्याच्या डोक्यात ‘घ्यावा की थांबावं’ एवढंच घोळत असतं. विषय गेमचा. प्लेस्टेशनचा मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांना येतो आणि एवढे पैसे पहिल्याच दिवशी मोजणं हा त्याच्या मते शुद्ध बावळटपणा.

त्याला कंजूष म्हणू नये. तो पेशाने टेस्टर आहे. दोषांची दोन पानी यादी जोडून शुक्रवारी रात्री बिल्ड कसं सोडतात, हे त्याने जवळून पाहिलंय. क्वचित सहीही केलीय. अर्धी खराडी सॉफ्टवेअर बनवते, म्हणून तर ताज्या सॉफ्टवेअरवर इथे कुणाचा विश्वास नाही.

दाखले तोंडपाठ. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. परतला थेट जून २०२१ मध्ये. २०२४ चा ‘कॉन्कॉर्ड’ दोन आठवड्यांत बंद, ग्राहकांना पैसे परत. आणि घरचंच उदाहरण हवं तर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’! ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवण्याचं काम युबीसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. २०२० मध्ये घोषणा झाली, जानेवारी २०२१ ची तारीख मिळाली, ती हुकली, आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर पुणेकराचं दुःख कमी आणि आगाऊ पैसे न भरल्याचं तेज जास्त.

‘राजी’बद्दल मात्र तो जरा चाचरतो. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने केलेला हा २०२० चा गेम. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं. कँटीनमध्ये याने त्यावर भाषण ठोकलं. घेतला कधी? सेल लागल्यावर. “अभिमान वेगळा, व्यवहार वेगळा.”

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. ते दोन तास हा खेळत नाहीच. भिंतींना धडका देतो, पाण्यात उड्या मारतो, एकाच दाराची पन्नासदा उघडझाप करतो. राजकन्या संकटात असते आणि हा फ्रेम मोजत असतो.

याच माणसाने पाऊण कोटीचा टूबीएचके नुसतं ब्रोशर बघून बुक केला. सॅम्पल फ्लॅटमध्ये वीस मिनिटं, त्यातली दहा सेल्फीत. ताबा दीड वर्ष लांबला, पाणी टँकरचं, तरणतलाव म्हणे पुढच्या टप्प्यात. “दोन तासांत परत करायची सोय नव्हती का रे याला?” बायकोने एकदाच विचारलं. त्या रात्री त्याने कुठलाच गेम लावला नाही.

अपवाद एकच, ‘जीटीए ६’. आधीचा भाग २०१३ चा, म्हणून हा मात्र पूर्ण किमतीत, पहिल्याच दिवशी. रजाही टाकली होती. तारीख २०२५ वरून २६ मे २०२६ वर गेली, तिथून १९ नोव्हेंबरवर. दोन्ही वेळा रजा बदलायला तो मॅनेजरकडे गेला. दुसऱ्या खेपेला मॅनेजर म्हणाला, “एकोणीसला नको रे, त्या दिवशी मी नाहीये.”