आमच्या ‘फायबर’वाल्या भाऊंना अनावृत पत्र

प्रिय भाऊ,

स. न. वि. वि.

कालपरवापर्यंत आपण गल्लीचे केबलवाले होता. आता पावतीवर ‘हायस्पीड फायबर’ झळकतं. अभिनंदन! दर वाढला, त्यावर १८ टक्के जीएसटीही वाढला, फक्त आमच्या खिडकीतून आत येणारी वायर तेवढी तांब्याचीच राहिली. एवढ्या कमी खर्चात एवढी प्रगती क्वचितच कुणी केली असेल.

जुन्या कोॲक्सियल केबलला आम्ही उगाच नावं ठेवली. ते जाळं मुळात टीव्हीसाठी, म्हणजे फक्त घरात आणून टाकण्यासाठी घातलेलं. त्यामुळे डाउनलोड बरं आणि अपलोड रडत-रखडत, हे ओघानंच आलं. संध्याकाळी सगळी गल्ली एकदम ऑनलाइन आली की नेट मंदावायचं. खांबावरच्या अ‍ॅम्प्लिफायरची वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही आम्ही हात चोळत बसायचो. पण ती स्वतःला केबलच म्हणवून घ्यायची.

फायबरचं तसं नाही. चार्ल्स काव यांनी काचेच्या तंतूतून प्रकाशानं संदेश दूरवर नेता येईल, हे १९६६ साली मांडलं आणि २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या काचेचा प्रवास आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, नायलॉनच्या दोरीनं बांधलेल्या पेटीत संपेल, हे नोबेल समितीच्या ध्यानात आलं नसावं. पेटीत एक स्विच आहे, त्याची पिन लिफ्टच्या खोलीत. तिथून निळी लॅन केबल पावसाळी पाइपाला बिलगत तिसऱ्या मजल्यावर उतरते. दुसऱ्या मजल्यापाशी तिला काळ्या टेपचा जोड आहे. आतल्या चार जोड्यांपैकी दोनच जोडल्यात, म्हणून दोनशेचा प्लॅन घेऊनही वेग शंभरापुढे जात नाही. तक्रार केली की आपला पोरगा सांगतो, “राऊटर बंद करून चालू करा.” वायर मात्र तांब्याची ती तांब्याचीच राहते!

कायद्यानं आपल्याला कुणी बोट लावू शकत नाही, हेही मान्य. २०२३ मध्ये सरकारनं ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. त्या हिशेबानं आपण दानशूरच.

आणि काच घरात आली म्हणजे स्वर्ग आला, असंही आम्ही समजत नाही. प्रचलित जीपॉन पद्धतीत सुमारे अडीच गिगाबिटची एक लाइन स्प्लिटरमधून बत्तीस, कधी चौसष्ट घरांत वाटली जाते. पण त्या स्प्लिटरला वीज लागत नाही, काचेतून विजेचा झटका घरात येत नाही आणि अपलोडलाही पुरेशी जागा असते. आमचा हट्ट एवढ्यासाठीच.

जाता जाता शेजाऱ्यांसाठी दोन ओळी: प्लॅनचा आकडा नंतर विचारा, आधी काच कुठवर येते ते विचारा. घरातल्या डब्यावर ‘पॉन’ लिहिलेला दिवा असेल तर ती आत आली आहे. भिंतीतून लॅनची वायर निघून थेट राऊटरमध्ये घुसत असेल, तर आली नाही.

भाऊ, पावसाळ्याआधी ड्रिल घेऊन या आणि काच घरात आणा. जमणार नसेल तर पावतीवर ‘फायबर, गच्चीपर्यंत’ असं छापा आणि दरही गच्चीपर्यंतचाच लावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा ग्राहक