सिंहगडावरील अर्वाचीन शिलालेखकारांस अनावृत पत्र

सिंहगडाच्या भिंतींवर किल्ली, खिळा, कोळसा अथवा ऑइलपेंट या साधनांनी स्वतःचे व प्रिय व्यक्तीचे नाव अजरामर करणाऱ्या समस्त विद्वज्जनांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवरचा हा डोंगरी किल्ला, ज्याचे जुने नाव कोंढाणा, चौदाव्या शतकात महंमद तुघलकाच्या फौजेने नागनायकाकडून दीर्घ वेढ्यानंतर घेतला. फेब्रुवारी १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आणताना तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले, आणि १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे निधनही येथेच झाले. तथापि रात्री कडा चढून आलेल्या तानाजींना आपल्या आगमनाची नोंद दगडावर करण्यास सवड मिळाली नाही. ही उणीव सदर विद्वज्जन दर रविवारी, बहुधा पिठलं-भाकरी आणि मटक्यातील दही यांच्या मधल्या वेळात, निष्ठेने भरून काढतात.

अभिलेखशास्त्राच्या, म्हणजे कोरीव लेख वाचून त्यांचा काळ व कर्ता ठरविणाऱ्या शास्त्राच्या दृष्टीने मात्र या लेखनात काही त्रुटी आढळतात. कल्याण दरवाजावरील जुन्या लेखात शके १६७२ हे वर्ष (शालिवाहन शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, म्हणजे १७५०) आणि बाळाजी बाजीराव पेशव्यांची कारकीर्द असे दोन्ही तपशील असल्याने अभ्यासकाचे काम सुकर होते. अर्वाचीन लेखांत बाणविद्ध हृदय ठळक असते, पण शकाचा पत्ता नसतो. शिवाय मध्ययुगीन दानलेखांवर, दान चंद्रसूर्य असेतो टिकावे म्हणून, चंद्रसूर्य कोरीत आणि ते दान मोडणाऱ्यास गाढवाचे चित्र काढून अत्यंत अशिष्ट शाप देत, ज्यामुळे अशा दगडांना गद्धेगाळ म्हणतात. नव्या लेखांत शापाची तरतूद नसल्याने पुढच्या रविवारचा विद्वान त्याच जागी आपले नाव रंगवितो आणि आधीचे अमरत्व आठवड्यात संपते. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट किल्लीला दाद देत नाही, म्हणून हे लेखन चुन्याच्या गिलाव्यावर आणि, तोही न मिळाल्यास, घायपाताच्या पानांवर होते. गिलावा खरवडला की पावसाचे पाणी सांध्यांत शिरते, त्यामागून पिंपळाची मुळे शिरतात आणि काही पावसाळ्यांनी लेखासह भिंतही खाली येते.

पूर्वपरंपरा हवीच असेल तर ती रायगडावर आहे. राजधानीचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकर यांनी आपले नाव जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय पडतील अशा जागी, कोरविले. सिंहगडावरील विद्वज्जनांनीही हाच क्रम पाळावा, ही नम्र विनंती : आधी एखादी पायरी बांधावी, मग तिच्यावर नाव घालावे.

कळावे, लोभ असावा.