तीन पानांचं संस्थान

स्वतःची वेबसाइट काढायची तर सर्वांत आधी डोमेन विकत घ्या. पानावर काय लिहायचं ते पुढे ठरवता येतं, पण आडनाव एकदा दुसऱ्यानं नेलं की नेलं. तुम्ही कुलकर्णी, जोशी किंवा पाटील असाल तर ते केव्हाच गेलंय. मग स्वतःचं नाव, वडिलांचं आद्याक्षर, जन्मसाल असं एकेक जोडत जा, ‘उपलब्ध आहे’ असं दिसेपर्यंत. पहिल्या वर्षाचा भाव पाहून आनंद माना. दुसऱ्या वर्षाचा भाव त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत असतो. तो आजच वाचायचं काही कारण नाही.

आता पानं. नवशिक्याला तीन पुरतात: माझ्याविषयी, माझं लेखन, संपर्क. तिन्हींच्या डोक्यावर तेच नाव आणि तोच मेनू, पायथ्याशी तीच ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ. समंजस माणूस एक पान साध्या एचटीएमएलमध्ये लिहील, त्याच्या दोन प्रती काढील आणि जेवायला जाईल. तुम्ही तसं करायचं नाही. उद्या चौथं पान वाढलं तर मेनू चार ठिकाणी बदलावा लागेल, या भीतीवरच टेम्प्लेटचा सगळा कारभार चालतो. चौथं पान सहसा वाढत नाही, हा मुद्दा वेगळा.

टेम्प्लेट समजायला लग्नपत्रिकेचा छापखाना आठवा. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘कृपया आहेर आणू नये’पर्यंतचा मजकूर तिथे कायमचा जुळवून ठेवलेला असतो, चि. आणि चि. सौ. कां. यांच्यापुढची जागा तेवढी दर मुहूर्ताला बदलते. तुम्हीही मथळ्याची एक फाइल करा, तळाची एक. प्रत्येक पानात पहिल्या ओळीला ‘इन्क्लूड’ म्हणून मथळा बोलवा, शेवटच्या ओळीला तळ. मधे मजकूर. तो अजून सुचलेला नसला तरी काम अडत नाही.

यासाठी पीएचपी ही भाषा घ्या. ती याच हौसेतून जन्मली आहे. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी आपला बायोडेटा नेटवर ठेवला होता आणि तो कोण कोण उघडून बघतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी १९९४मध्ये त्यांनी सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि जून १९९५मध्ये ‘पर्सनल होम पेज टूल्स’ या नावानं लोकांसाठी खुले केले. ‘आपल्याला कोण बघतंय’ या खाजेतून निघालेल्या त्या अवजारांची पुढे भाषा झाली, तिच्यावर वर्डप्रेस उभं राहिलं, विकिपीडियाही. विकिपीडिया चालतो त्याच भाषेवर तुमचं ‘संपर्क’ चालणार आहे. घरी कुणाला सांगून उपयोग नाही, मनात ठेवा.

फाइल तयार झाली की तिच्यावर डबल क्लिक करा. पान दिसणार नाही, फार तर तुमचाच कोड दिसेल, कारण पीएचपी सर्व्हरवर चालते आणि ब्राउझरला फक्त तयार एचटीएमएल मिळतं. ५.४ आवृत्तीपासून छोटा सर्व्हर भाषेसोबतच येतो, कमांड लाइनवर एका ओळीत सुरू होतो. तरी झॅम्प हे आयतं सर्व्हर-पॅकेजच घ्या. त्याचं कंट्रोल पॅनेल उघडं असलं की मागून जाणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी गंभीर चाललंय.

कोड चालला नाही तर कुठेतरी सेमीकोलन राहिलाय. चूक तिसाव्या ओळीत आहे असं यंत्र म्हणालं तर एकोणतिसावी बघा. वाक्य संपवलेलं नव्हतं, हे त्याला पुढची ओळ वाचायला घेतल्यावरच कळतं. सेमीकोलन जागच्या जागी असूनही कुकी पाठवताना ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ अशी तक्रार आली, तर जुन्या नोटपॅडवर संशय घ्या. यूटीएफ-८मध्ये सेव्ह करताना तो फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट ठेवून देतो आणि ते तुमच्या कोडाच्या आधी बाहेर पडतात.

मथळ्याच्या फाइलीत यूटीएफ-८ची ओळ सर्वांत वर हवीच, नाहीतर एका देवनागरी अक्षराची तीन परकी चिन्हं होऊ शकतात. आणि कॉलेजात असताना डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या कविता तशाच चिकटवू नका. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवत. फॉन्ट काढला की कविता इंग्रजी अक्षरांचं कडबोळं होते. कन्व्हर्टर मिळतात. त्यातून काढल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी कुठे जाऊन बसलीय ते ओळीओळीनं तपासा. कविता कशी आहे हेही त्याच वेळी कळतं, पण ते मनावर घ्यायचं नाही.

थोडा हात बसला की एक कल्पना सुचते, ती सगळ्यांनाच सुचते: तीन फाइली कशाला, एकच इंडेक्स ठेवू, पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे पानाचं नाव घेऊ आणि त्या नावाची फाइल इन्क्लूड करू. इथे थट्टा बाजूला. पत्त्यात नाव कोण लिहितं? वाट्टेल तो. ‘संपर्क’च्या जागी दोन टिंबं आणि तिरपी रेघ पुन्हापुन्हा देत कुणी सर्व्हरच्या वापरकर्त्यांच्या यादीपर्यंत चढत गेला, तर तुमचं टेम्प्लेट तीही मथळ्यासकट, मेनूसकट सुबक छापून देईल. उपाय सोपा आहे: चालणारी तीन नावं कोडातच लिहा, आलेलं नाव त्यांत नसेल तर पहिलं पान दाखवा. अभिप्रायवही ठेवणार असाल तर लोकांचा मजकूर छापण्यापूर्वी ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’मधून काढा, कुणी नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट लिहून जातो.

आता भेटी मोजणारा काउंटर, म्हणजे मूळ खाज. टेक्स्ट फाइलीतला आकडा वाचायचा, एक मिळवायचा, परत लिहायचा. दोघं एकाच क्षणी आले तर हिशेब चुकतो, म्हणून फाइलला ‘फ्लॉक’ नावाचं कुलूप लावतात. तुम्हीही लावा, तेवढी गर्दी होणार असं धरून चालण्यात प्रतिष्ठा आहे. फाइल लिहिता येत नाही असं दिसलं की फोल्डरला ७७७ परवानगी द्या, असं कुणीतरी सांगेल. देऊ नका. त्याचा अर्थ सर्व्हरवरच्या कुणीही यावं, वाचावं, लिहावं. आकडा सुरुवातीला झपाट्यानं वाढतो, कारण रिफ्रेश तुम्हीच दाबत असता. स्वतःचा आयपी पत्ता वगळलात की गूगलचा बॉट उरतो. तो नेमानं येतो, चुलतभावंडं येत नाहीत.

तळातलं वर्ष हातानं लिहू नका, ‘डेट’ फंक्शनकडून घ्या. शेवटचा लेख कितीही जुना असो, दर १ जानेवारीला पान आपोआप ताजं दिसेल.

अपलोड केल्यावर फोटो गायब झाला तर घाबरू नका. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच, लिनक्सच्या सर्व्हरला नाहीत. मग लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाका. अंगठे येतील, आणि संध्याकाळी सेक्रेटरी दारात येतील: ‘आपल्या सोसायटीचंही एक करून टाका की!’ लगेच हो म्हणू नका. त्यांना पार्किंगची आणि थकबाकीदारांची यादी दर आठवड्याला बदलून हवी असते. त्याला डेटाबेस लागतो, आणि तो नवशिक्यांच्या अभ्यासक्रमात नाही.