रोम, व्हाया सराय काले खां

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला इतिहासाचा नाद करायचाच असेल तर त्याची सगळी सोय आधीच झालेली आहे. पानिपत गाडीनं दोन तासांवर. तालकटोऱ्याला बॅडमिंटनची मॅच बघायला गेलं तरी १७३७ चा बाजीराव आठवून छाती फुगवता येते. गणपतीत मंडळाला व्याख्याता मिळाला नाही, तर ‘मराठे आणि दिल्ली’ या विषयावर कुणीही उठून पाऊण तास बोलू शकतो आणि लोक शेवटपर्यंत ऐकतात, कारण मोदक नंतर असतात. एवढं सगळं हाताशी असताना मी रोमच्या नादाला का लागलो, हे माझ्या सासऱ्यांना आजतागायत कळलेलं नाही. “जावई गुणी आहेत, फक्त ते इटलीचं काहीतरी आहे,” असं ते नातेवाइकांना आवाज उतरवून सांगतात. दिल्लीत ‘इटली’ हा शब्द उच्चारला की लोक आधी तुमचा पक्ष कोणता ते बघतात, म्हणून आवाज उतरवणं शहाणपणाचंच.

मी इटलीला गेलेलो नाही. व्हिसाचा खर्च आणि मुलीची फी यांच्यात दरवर्षी फी जिंकते. लॅटिनही येत नाही. माझं रोम दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारातून आलं, तो बाजार महिला हाटमध्ये हलला त्याच्याही आधी. तिथं काही गाळ्यांवर पुस्तकं किलोवर मिळतात. रोमन इतिहासकार टॅसिटस अंगानं बारीक असल्यामुळं स्वस्तात पडला. रोमच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारा गिबन मात्र अंगापिंडानं भरलेला, त्यानं खिसा हलका केला. बाकीचं शिक्षण मेट्रोत झालं. माइक डंकन नावाच्या गृहस्थानं २००७ ते २०१२ या काळात अख्ख्या रोमचा इतिहास पॉडकास्टवर सांगितला आहे. सकाळी नोएडाच्या सेक्टर ५२ ला चढताना कार्थेज उभं असायचं आणि बाराखंबा रोडला उतरेपर्यंत त्याची राख झालेली असायची. ऑफिसात पोचल्यावर माझा चेहरा का पडलेला आहे, हे साहेबांना कधी कळलं नाही.

पाहुण्यांसमोर मात्र मी एक हुकमी पत्ता टाकतो. मी मूळचा कोल्हापूरचा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४५ च्या आसपास रोमन काळातली काशाची भांडी आणि मूर्ती निघाल्या, आणि त्यांत समुद्रदेव पोसायडन होता. कोल्हापूरला समुद्र नाही, पण देव आहे. उंचीला वीतभरही नाही, हातातला त्रिशूळ कधीच गेलेला, अंगावर कपडा नाही, तरी उभा राहण्याची ऐट अशी की गंगावेशीतल्या तालमीतला वाटावा. टाऊन हॉलच्या संग्रहालयात मी त्याला लहानपणी पाहिलं. बाकी, धाराशिवकडच्या तेरला हस्तिदंती बाहुली सापडली, तिच्यासारखीच १९३८ साली पॉम्पेईच्या राखेत सापडली. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडच्या परक्यांनी, दान दिल्याचे लेख आहेत. म्हणजे आम्ही रोमच्या मागं लागलेलो नाही, रोमच आमच्या मागं लागलेलं होतं. पाहुणे मान डोलावतात आणि चहा घेतात.

खरी अडचण पाहुण्यांची नाही. अडचण अशी की या नादामुळं मला दिल्लीबद्दल तक्रार करता येत नाही. एनसीआरमध्ये राहून तक्रार न करणारा माणूस म्हणजे समाजकंटकच. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, मेट्रोच्या रांगेत माणसं ओळख करून घेतात ती तक्रारीवर. ट्रॅफिक, पाणी, हवा, बिल्डर. मी तोंड उघडलं की कौतुकच बाहेर पडतं.

चिल्ला बॉर्डरवर रात्री नो-एन्ट्री उठली की ट्रकांची रांग सुटते आणि आमच्या बेडरूमच्या काचा थरथरतात. बायको उशी कानावर घेऊन म्हणते, “अहो, हे काय जगणं आहे?” आता मला ठाऊक असतं, की इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास ज्यूलियस सीझरच्या नावानं नियम झाला : सूर्योदयापासून दुपार उलटेपर्यंत रोममध्ये मालाच्या गाड्या नकोत. देवळाच्या बांधकामाचा माल, विजयाच्या मिरवणुका, कचरा घेऊन बाहेर जाणाऱ्या गाड्या एवढ्यांना सूट. त्यामुळं सगळा माल रात्री. शे-दीडशे वर्षांनी जुव्हेनल नावाचा कवी लिहितो, की भाड्याच्या खोलीत झोप लागणं अशक्य, गाड्यांच्या खडखडाटानं आजारी माणसं मरतात. ही माहिती मी अंधारात, अतिशय आनंदानं बायकोला सांगितली. ती म्हणाली, “मग त्याच्या बायकोनं काय केलं?” जुव्हेनलनं बायकांवर जे काही लिहून ठेवलंय ते रात्री दोन वाजता सांगण्यासारखं नाही, म्हणून मी कूस बदलली.

त्याच कवितेत उंब्रिशियस नावाचा इसम आहे. घरं कोसळतात, भाडं परवडत नाही, वरच्या मजल्यांवरून डोक्यात कौलं आणि मडकी पडतात, म्हणून तो सामान गाडीत भरून रोम सोडून निघालाय आणि वेशीपाशी उभा राहून लांबलचक भाषण करतोय. आमच्या टॉवरमध्ये असे उंब्रिशियस मजल्याला एक आहेत. दर नोव्हेंबरात हवा बिघडली की ते मास्क लावून, लिफ्ट अडवून जाहीर करतात, “बस, अब पहाड़ों में शिफ्ट हो रहे हैं.” मार्चपर्यंत भाषण चालू असतं. गाडी निघत नाही.

पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिथं रोमनं मला पदावर बसवलं. इसवी सन ९७ मध्ये सम्राट नर्व्हानं फ्रॉन्टिनसला रोमच्या पाण्याचा अधिकारी नेमलं. हा माणूस ब्रिटनचा माजी गव्हर्नर. वय, मान, सगळं असलेला. पण कामावर रुजू होताच त्यानं नऊच्या नऊ कालवे मोजायला घेतले आणि त्याचं पुस्तकच लिहिलं. वहीतल्या आकड्यापेक्षा उगमावर पाणी जास्त, आणि उगमापेक्षा शहरात कमी. मधलं गेलं कुठं? पाणके विकत होते. ठरलेल्या मापापेक्षा मोठी तोटी बसवायची. पाण्याचा हक्क एका मालकाकडून दुसऱ्याकडं गेला की टाकीला नवं भोक पाडायचं आणि जुनं बुजवायचं नाही. जुन्यातून आपला धंदा चालू. आल्सिएटिना नावाच्या कालव्याचं पाणी तर पिण्याच्या लायकीचंच नव्हतं, ते सम्राट ऑगस्टसनं लुटुपुटीच्या आरमारी लढाया खेळायला आणलं होतं. आमच्या बोअरवेलचा टीडीएस पाहता तेही त्याच योग्यतेचं आहे.

एका उन्हाळ्यात टँकरचं बिल फुगलं आणि सोसायटीची सभा बसली. मी फ्रॉन्टिनसवर बोलायला उठलो. लोकांना वाटलं कुणी बडा सल्लागार आहे. मला पाणी समितीवर घेऊन टाकलं. मी प्लंबरला घेऊन तळघरात गेलो आणि म्हटलं, नवीन लाइन राहू दे, जुन्या बंद केलेल्या लाइनी दाखव. पंपाच्या मागं, गंजलेल्या सायकलींच्या ढिगाआड, एक पाइप निघाला. कागदावर तो बंद होता. हात लावला तर गार. कान लावला तर आत खळखळ. तो कुठं जात होता आणि कुणाच्या गाड्या त्यावर धुतल्या जात होत्या, ते इथं लिहिण्यात अर्थ नाही, अजून त्याच सोसायटीत राहायचं आहे. प्लंबर माझ्याकडं आदरानं बघत म्हणाला, “साहब, आपको कैसे पता चला?”

“फ्रॉन्टिनस ने बताया.”

“कौन से टावर में रहते हैं?”

वरच्या मजल्यावर निवृत्त कर्नलसाहेब राहतात. रोमन लीजन, ढालींचं कासव वगैरे मी त्यांना बऱ्याचदा ऐकवलं; ते क्रिकेट बघत राहिले. एकदा सहज म्हटलं, की ऑगस्टसनं इसवी सन ६ मध्ये सैनिकांच्या निवृत्तीसाठी स्वतंत्र खजिना काढला, स्वतःच्या खिशातून सतरा कोटी सेस्टर्स घातले आणि वर वारसाहक्कावर ५ टक्के कर बसवला. टीव्ही बंद झाला. “कितना मिलता था?” साध्या शिपायाला २० वर्षांच्या नोकरीनंतर १२,००० सेस्टर्स. आणि प्रिटोरियन गार्ड, म्हणजे खुद्द रोममध्ये बादशहाच्या तैनातीत असणारे? त्यांना १६ वर्षांनंतर २०,०००. कर्नलसाहेब खुर्चीतून उठलेच. “देखा! दिल्ली पोस्टिंग वालों को हमेशा ज़्यादा!” मग मी त्यांना इसवी सन १४ मधलं बंड सांगितलं. ऑगस्टस मेल्यावर ऱ्हाइनकाठच्या सैन्यानं काम टाकलं. सेनापती जर्मानिकस समजूत घालायला आला, तर म्हाताऱ्या शिपायांनी हाताचं चुंबन घेण्याच्या निमित्तानं त्याची बोटं धरून आपल्या तोंडात घातली, की बघ, दात उरले नाहीत आणि तुम्ही अजून घरी सोडत नाही. कर्नलसाहेब बराच वेळ गप्प होते. आता ते जंतर-मंतरच्या वन रँक वन पेन्शनवाल्या जुन्या मित्रांना हा दाखला फोनवरून देतात. सेक्टरात एक शिष्य तयार झाला.

२८ ऑगस्ट २०२२ ला नोएडाच्या सेक्टर ९३अ मधले ट्विन टॉवर सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं पाडले, तेव्हा आसपासच्या गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याही. थर्मास, दुर्बिणी, लेकरं खांद्यावर. ऑगस्टसनं रस्त्यालगतच्या इमारतींना ७० फुटांची मर्यादा घातली होती, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात सुमारे १०० मीटरचे टॉवर नऊएक सेकंदांत बसले. कोलोसियमच्या उद्घाटनाचे खेळ सम्राट टायटसनं शंभर दिवस चालवले होते. आमचा खेळ माझं वाक्य संपायच्या आत आटोपला, आणि टाळ्या मात्र तितक्याच.

या सगळ्यात माझ्यावर मात केली ती खारी बावलीतल्या एका मसालेवाल्यानं. अलारिक या गॉथ सरदारानं ४०८ साली रोमला वेढा घातला आणि उठवण्यासाठी खंडणी मागितली : ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, रेशमी झगे, रंगवलेली कातडी आणि ३,००० पौंड मिरी. आपली, मलबारची मिरी! रोमन हिशेबानं ती जवळजवळ एक टन होते. तिचा आजचा भाव काय, या एका प्रश्नानं मी बेजार झालो होतो. चांदनी चौक मेट्रोतून बाहेर पडून, मिरच्यांच्या पोत्यांमधून शिंकत, हमालांचे धक्के खात दुकान गाठलं. गल्ल्यावरच्या लालाजींना विचारलं, “काली मिर्च, एक टन, क्या भाव लगेगा?”

लगेच स्टूल आलं, चहा आला. गारबल्ड की अनगारबल्ड, दाणा केवढा, डिलिव्हरी कुठं. तळहातावर मिरी ओतून त्यांनी दोन बोटांत एक दाणा फोडून नाकाशी धरायला दिला. मला गप्प बसवलं नाही. सगळं सांगितलं, अलारिक, वेढा, उपासमार. लालाजींनी चहा परत नेला नाही, हे त्यांचं मोठेपण. थोडा विचार करून म्हणाले, “शहर घेरा हुआ था, और उसने सिर्फ एक टन माँगा? व्यापारी नहीं था वो.” मग विचारलं, पुढं काय झालं. म्हटलं, माल मिळाला. पण बादशहाबरोबर जो करार व्हायचा होता तो लटकला आणि ४१० मध्ये अलारिकनं रोम लुटलं. लालाजींनी मान हलवली. “तो यूँ कहो ना, बैलेंस पेमेंट नहीं हुआ.”

गिबनला याच्यासाठी किती पानं लागली ते मी किलोत मोजून आणलेलं आहे.

घरी येऊन बायकोला पावशेर मिरी दिली आणि रोमन लेखक थोरल्या प्लिनीचं रडगाणं ऐकवलं : हिंदुस्थान दरवर्षी रोमचे किमान ५ कोटी सेस्टर्स गिळतो आणि तिथल्या वस्तू रोममध्ये येऊन शंभरपट भावानं विकल्या जातात. तिनं पिशवीत डोकावून विचारलं, “मग त्यातलं आपल्या घराण्याकडं काय आलं?”

शेवटी मुलीनंच तोडगा काढला. इटली नाही तर नाही, सराय काले खां आहे. तिथं फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘वेस्ट टू वंडर’ पार्क उघडलं. सुमारे दीडशे टन भंगारातून जगातली सात आश्चर्यं उभी केली आहेत, त्यांत कोलोसियम आहे. मी तिकीट काढून आत गेलो तो नाक मुरडतच. पण समोर उभा राहिलो आणि विरघळलो. रोमच्या कोलोसियमचे दगड शतकानुशतकं लोकांनी वाडे आणि चर्च बांधायला पळवले. दगड सांधणारे लोखंडी आकडेसुद्धा भिंती कोरून काढून नेले, त्याची भोकं अजून दिसतात. म्हणजे तिथं दगड उरलाय आणि लोखंड गेलंय. इथं दगड औषधाला नाही, नुसतं लोखंड! गाड्यांची चाकं, जुने खांब, बाकं यांच्या कमानीवर कमानी. ते आकडेच फिरत फिरत मायापुरीच्या भंगार बाजारात आले असावेत, असा माझा ठाम समज आहे आणि कुणी तो दूर करू नये.

मी मुलीला समजावून सांगू लागलो. तळमजल्याला ८० दारं. ७६ दारांवर नंबर कोरलेले, तिकिटावर तोच नंबर, पन्नासएक हजार माणूस आपापल्या दारानं जाऊन बसे. राहिलेल्या चार दारांना नंबर नाही. “वो किसके लिए?” मागून कुणीतरी विचारलं. वळून बघतो तो बुलंदशहराकडचं एक कुटुंब, त्यांच्या मागं शाळेची पोरं, आणि पार्कचा गार्डही. म्हटलं, बादशहा आणि बडी मंडळी. “अच्छा, वीआईपी गेट,” सगळे एकदम म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं मी बोललो : उन्हासाठी वर ताणलेलं कापड, ते ओढायला खास ठेवलेले खलाशी, फुकट प्रवेश. गार्डला ‘फुकट’ आवडलं नाही. निघताना त्या कुटुंबातल्या आजोबांनी माझ्या हातात ५० रुपयांची नोट कोंबली. मी परत करायला गेलो, तोवर ते आयफेल टॉवरकडं पोचलेही होते.

बायकोनं नोट घेऊन पर्समध्ये घातली. म्हणाली, “प्लिनीला कळवा, पन्नास पोचले.”