घरबसल्या कोर्टात

घरी शिका, घरूनच कमवा! अमेरिकेत कोर्ट रिपोर्टरच्या, म्हणजे न्यायालयीन लघुलेखकाच्या, अभ्यासक्रमाचं हे आमिष अगदीच खोटं नाही. करोनाच्या साथीपासून वकील साक्षीदारांचे जबाब झूमवर सर्रास घेतात, आणि रिपोर्टर आपल्या स्वयंपाकघरातूनही ते टिपू शकते.

जाहिरातीत न मावणारी गोष्ट म्हणजे स्टेनोटाइप. यंत्राला कळा जेमतेम २२. पेटीवर सूर धरावेत तशा त्या एकदम दाबून उच्चार उमटवायचे. पद्धत कळते, वेग येत नाही. तिथेच बरेचजण गळतात. तिथल्या रिपोर्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आरपीआर या प्रमाणपत्र परीक्षेत प्रश्नोत्तरांचा वेग असतो मिनिटाला २२५ शब्द आणि अचूकता हवी ९५ टक्के. महाराष्ट्र सरकार उच्चश्रेणी लघुलेखकाकडून १२० शब्दांचं प्रमाणपत्र मागतं, तर आपल्याकडे तेवढ्यानेच घाम फुटतो!

स्टेनोटाइपवर मार्क किसलिंगबरी या रिपोर्टरने २००४ मध्ये मिनिटाला ३६० शब्दांचा गिनेस विक्रम केला. तो माणूस अर्थातच कुठल्याही माहितीपत्रकाला शोभेल.

बाकीच्यांनी फी भरण्याआधी घरातच चाचणी घ्यावी: जेवणाच्या टेबलावर चौघं एकदम भांडत असताना प्रत्येकाचा शब्दन् शब्द टिपता आला, आणि कुणाचीही बाजू घेतली नाही, तरच अर्ज करावा.