परतीची पक्की सोय

पुण्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजांतून उन्हाळा आला की पोरं जर्मनीला इंटर्नशिपला निघतात. स्टुटगार्टकडची एखादी कंपनी अडीच महिन्यांसाठी बोलावते. पगार देत नाही, 'अनुभव' देते. बाप एफडी मोडतो, आई मेतकूट-भाजणीच्या तयारीला लागते. एवढ्यात तिकडच्या शेंगेन व्हिसाच्या कागदांच्या यादीत ती ओळ दिसते: वैद्यकीय विमा, किमान ३०,००० युरोंचा.

वास्तविक कामगारांना आजारपणाचा विमा कायद्याने देण्यात हाच देश पहिला. तिथल्या चॅन्सेलर बिस्मार्कने १८८३ सालीच ते करून ठेवलं. पण बिनपगारी इंटर्न त्यात बसत नाही. पगार नाही म्हणून तो कामगार नव्हे, तिथल्या विद्यापीठात नाव नाही म्हणून तिथला विद्यार्थी नव्हे आणि सकाळी आठला कारखान्यात हजर म्हणून पर्यटकही नव्हे. अशा त्रिशंकूने आपला विमा आपणच खासगी कंपनीकडून आणायचा.

शेंगेन व्हिसा संहितेचं १५ वं कलम वाचा, माया बघून ऊर भरून येतो. तातडीचे उपचार, तातडीने इस्पितळ, आजारी पडल्यास मायदेशी रवानगी आणि मेल्यास त्याचाही खर्च. पोरगं ठणठणीत होवो न होवो, तिथे पडून राहू नये, एवढी काळजी मात्र नीट घेतलेली आहे.

उरलेली करमणूक पॉलिसीच्या बारीक अक्षरांत. आधीपासूनचा दमा बहुतेक पॉलिसींत वगळलेला. दात दुखला तर कळ थांबवण्यापुरतंच. शिवाय पहिली ठरावीक रक्कम आपल्याच खिशातून.

"दादा, याला सायनसचा त्रास आहे, ते लिहायचं ना?" एका आईने एजंटला विचारलं.

"वहिनी, विमा व्हिसासाठी घेताय की सायनससाठी?"

इतकं खरं बोलणारा एजंट विरळा.

तारखांचा घोळ वेगळाच. पॉलिसी कधीपासून? प्रवासाच्या दिवसापासून. प्रवास कधी? व्हिसा मिळाल्यावर. आणि व्हिसा? पॉलिसी दाखवल्यावर.

तेव्हा पालकहो, व्हिसा नाकारला तर हप्ता परत मिळणार का आणि त्यातून किती कापणार, हे एजंटकडून लेखी घ्या. आणि निघण्याआधी पोराचे दात इथेच दाखवून घ्या. दाताच्या डॉक्टरांना पुण्यात तोटा नाही.